परजीवी, मेंदू आणि मूड: घाबरायचं कुठे आणि काळजी घ्यायची कुठे

टोक्सोप्लाझ्मा (मांजराच्या विष्ठेतून आणि कच्च्या मांसातून पसरणारा सूक्ष्म परजीवी) झालेल्या उंदराला मांजराच्या वासाची भीती वाटेनाशी होते, हे खरंय, प्रयोगात दिसलंय. पण म्हणून माणसाचा स्वभावही तोच बदलतो असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर लगेच विश्वास ठेवू नका. स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराच्या पेशंटमध्ये टोक्सोप्लाझ्माच्या अँटिबॉडीज (संसर्ग होऊन गेल्याची रक्तातली खूण) जास्त सापडतात एवढं नक्की, पण आजाराचं कारण तेच आहे हे सिद्ध झालेलं नाही.

मांजर पाळलंय? सोडायची अजिबात गरज नाही. लिटर ट्रे रोज साफ करा, कारण विष्ठेतून पडलेली अंडी संसर्ग करण्याइतपत तयार व्हायला १ ते ५ दिवस घेतात, त्याआधीच उचलली की विषय संपला. गरोदर बाईने हे काम दुसऱ्यावर सोपवावं. मांस पूर्ण शिजवा, मातीत हात घालताना ग्लोव्हज घाला.

जास्त गंभीर प्रकार म्हणजे डुकरातल्या टेपवर्मची (पट्टीसारख्या लांब जंताची) अंडी पोटात जाऊन मेंदूत गाठी होणं. हे शाकाहारी माणसालाही होतं बरं का, कारण अंडी हा जंत झालेल्या माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, कच्च्या भाजीवर येतात, त्यामुळे भाजी वाहत्या पाण्यात नीट चोळून धुवा आणि संडासनंतर हात साबणानेच धुवा. मोठेपणी पहिल्यांदाच फिट आली, सतत डोकं दुखतंय, वागणं अचानक बदललं, तर न्यूरोलॉजिस्टकडे जा आणि ते सांगतील तो स्कॅन करा. आणि प्लीज, अशा वेळी मनाने अल्बेंडाझोल (जंतांची गोळी) घेऊ नका, गाठी मरताना मेंदूला सूज येते, फिट वाढू शकतात. डिप्रेशनच्या चालू गोळ्याही जंतांच्या संशयावरून बंद करू नका.