फौंड्रीची काळी वाळू पेव्हर ब्लॉकमध्ये वापरताना

कुपवाड, मिरज भागातल्या फौंड्र्यांमधून (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांतून) निघणारी काळी वाळू ब्लॉकमध्ये चालते, पण ती साच्याची, बेंटोनाइटवाली (चिकणमातीने बांधलेली) हवी. कोअरची (ओतीव भागातली पोकळी घडवणाऱ्या गाभ्याची), रेझिनचा म्हणजे रासायनिक डिंकाचा उग्र वास येणारी वाळू प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय घेऊ नका.

आधी 4.75 मिमी चाळणीतून चाळा, मग चुंबक फिरवा. लोखंडाचे छर्रे राहिले तर पहिल्या पावसाळ्यातच ब्लॉकवर तांबूस डाग उठतात.

क्रश सँडच्या (दगड फोडून केलेल्या वाळूच्या) दर 10 घमेल्यांत 1 घमेलं काळी वाळू घालून सुरुवात करा. 2 च्या वर जाऊ नका. हे मिश्रण बाटलीत तपासा: 50 मिली मिठाचं पाणी (1 टक्का मीठ), 100 मिलीच्या खुणेपर्यंत वाळू, मग 150 पर्यंत तेच मिठाचं पाणी, जोरात हलवून 3 तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या 8 टक्क्यांपेक्षा जाड दिसला तर काळी वाळू कमी करा. नुसत्या काळ्या वाळूत तो जाड दिसणारच, कसोटी मिश्रणाची.

सगळा घोळ इथेच होतो: बेंटोनाइट पाणी पितं, माल कोरडा वाटतो आणि मिक्सरवाला बिनदिक्कत पाइप सोडतो. पाणी वाढलं की ताकद घटते, कडा झडतात. त्यापेक्षा प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल मऊ करणारं रसायन) वापरा.

रंग काळपट येतो, म्हणून ही वाळू खालच्या थरातच बरी. पहिल्या घाण्याचे 3 ब्लॉक 28 दिवसांनी मशीनवर दाबून ताकद बघितल्याशिवाय ऑर्डर घेऊ नका.