मटणासाठी खाण्याजोगा पापुद्रा घरीच कसा करावा

ज्या घरात उन्हाळ्यात पळीपापड्या घातल्या जातात, त्या घराला हा पापुद्रा अवघड नाही. पीठ शिजवायचं, पातळ पसरायचं, वाळवायचं. फक्त हा तळायचा नाही. फ्रीजमध्ये ठेवायच्या कच्च्या मटणाला गुंडाळायचा, म्हणजे चरबी लवकर खवट होत नाही, आणि नंतर त्याच्यासोबतच शिजवायचा.

10 ग्रॅम कॉर्नफ्लॉवर (चार सपाट छोटे चमचे), अर्धा छोटा चमचा ग्लिसरीन, 5-6 लवंगा आणि 250 मिली पाणी घ्या. ग्लिसरीन खाद्य दर्जाचंच हवं, बाटलीवर तसं छापलेलं बघून घ्या. त्यानेच पापुद्रा लवचिक राहतो.

लवंगा कुटून पाण्यात पाच मिनिटं उकळा, गाळा, पूर्ण थंड करा. मगच पीठ आणि ग्लिसरीन कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. मंद आचेवर सतत ढवळा. आधी दुधासारखं पांढरं दिसतं, 70 अंशांच्या आसपास घट्ट होऊ लागतं आणि पुढे खळीसारखं पारदर्शक होतं. दोन मिनिटं रटरटू द्या. उतरवल्यावर बुडबुडे जिरेपर्यंत थांबा. राहिलेला प्रत्येक बुडबुडा वाळल्यावर भोक पाडतो आणि तिथून हवा शिरते.

दोन मोठ्या ताटांत पापड्यांचा प्लास्टिक कागद अंथरून पातळ पसरा. पहिल्यांदा मी ताटं मे महिन्यात गच्चीवर ठेवली. दुपारपर्यंत कडा वर वळल्या आणि मधोमध तडा गेला. मराठवाड्याची उन्हाळी हवा फार कोरडी, म्हणून घरातच, सुती कापडाखाली, रात्रभर वाळवा.

मटण स्वच्छ फडक्याने नीट टिपून कोरडं करा आणि मगच वाळलेल्या पापुद्र्यात गुंडाळा, कारण ओलाव्याने पापुद्रा विरघळू लागतो. स्टार्चचा थर हवेतला ऑक्सिजन अडवतो, त्यामुळे चरबी लवकर खवट होत नाही. लवंगेतलं युजेनॉल हे सुगंधी द्रव्य जिवाणूंची वाढ मंदावतं. बाष्प मात्र या थरातून सहज निघून जातं, म्हणून गुंडाळलेलं मटण झाकणाच्या डब्यातच ठेवा.

डबा 4 अंशांच्या फ्रीजमध्येच हवा. परभणीत पारा 42 वर असताना बाहेर राहिलेलं मटण कुठलाही पापुद्रा वाचवणार नाही. मटण तीन दिवसांत, चिकन दुसऱ्या दिवशीच संपवा. पापुद्रा आहे म्हणून दिवस वाढवू नका. लाइट चार तासांहून जास्त गेली किंवा मटण बुळबुळीत लागलं, तर जीव हळहळला तरी टाकून द्या.

रस्सा करताना पापुद्रा सोलत बसू नका. उकळी आली की तो विरघळतो, रस्सा किंचित दाट होतो. वाटणात मात्र एक लवंग कमी घाला.