गे लोकांना जवळ करणाऱ्या पहिल्या चर्चचा इतिहास कसा वाचायचा

सुरुवात ट्रॉय पेरी पासून करा, कारण त्यांच्याबद्दल मटेरियल भरपूर मिळतं. हे पेंटेकोस्टल (ख्रिश्चनांमधला एक पंथ) पाद्री, गे आहेत म्हणून स्वतःच्याच चर्चने काढून टाकलं, तरी ६ ऑक्टोबर १९६८ ला लॉस एंजेलिसजवळ हंटिंग्टन पार्कला राहत्या घराच्या हॉलमध्ये प्रार्थना घेतली आणि आले किती तर फक्त १२ जण! त्यातूनच मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च उभं राहिलं. मला हा आकडा वाचून खरंच भरून आलं होतं.

मग मागे जा. १९४६, अटलांटा, जॉर्ज हाइड, त्यांनी तिथे गे लोकांना सामावून घेणारं चर्च सुरू केलं. म्हणजे पेरींच्या बावीस वर्षं आधी, त्यामुळे कुठे "पहिलं चर्च" असं लिहिलेलं दिसलं की लगेच खरं मानू नका, कोणत्या अर्थाने पहिलं ते बघा. न्यूयॉर्कचे रॉबर्ट क्लेमेंट पण सोडू नका, १९७० चं चर्च ऑफ द बिलव्हेड डिसायपल त्यांचं.

सर्च करताना "गे" एवढंच टाकू नका, तेव्हाच्या कागदपत्रांत समलिंगी लोकांसाठी "होमोफाइल" हा शब्द असायचा, तोही टाकून बघा. एलजीबीटीक्यू रिलिजस आर्काइव्ह्ज नेटवर्कच्या साइटवर या लोकांची चरित्रं आणि मुलाखती आहेत, शक्यतो मुलाखत आधी.

१९७३ वर मात्र थांबून वाचा. जानेवारीत पेरींचं लॉस एंजेलिसचं चर्च जळालं, जूनमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या अपस्टेअर्स लाउंज या गे बारच्या आगीत ३२ जण गेले, त्यात मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्चचे तिथले पास्टर बिल लार्सनही होते.