टिटिकाका सरोवराची सहल आपल्या सोयीने कशी आखावी

पेरू आणि बोलिव्हिया यांच्या सीमेवरील टिटिकाका सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे 3,800 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे काय पाहायचे यापेक्षा किती सावकाश चढायचे, हे आधी ठरवावे. पेरूची राजधानी लिमा येथून विमानाने थेट सरोवराजवळच्या हुलियाका शहरात उतरल्यास वेळ वाचतो खरा. परंतु समुद्रकाठावरून काही तासांत इतक्या उंचीवर पोहोचल्याने डोकेदुखी, मळमळ आणि निद्रानाश यांत सुरुवातीचे दिवस वाया जाऊ शकतात. त्याऐवजी सुमारे 2,300 मीटरवरील आरेकिपा येथे दोन-तीन रात्री काढून रस्त्याने सरोवरकाठच्या पुनो शहरात जाणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, मात्र वाटेतील घाट सरोवराहूनही उंच असल्याने त्या दिवशी दुसरा कार्यक्रम ठेवू नये. हृदयाचा किंवा फुफ्फुसांचा विकार असल्यास तिकिटे काढण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मे ते ऑक्टोबर हे महिने कोरडे असतात. जून-जुलैत रात्री पारा शून्याखाली जातो.

सरोवरातील उरोस लोकांची तरंगती बेटे टोटोरा नावाच्या लव्हाळ्याची असतात. खालचा थर कुजत जातो तशी वरून ताजी लव्हाळी अंथरली जातात आणि चालताना पाय किंचित खचतो. बहुतेक जण एवढेच पाहून परततात, याचे वाईट वाटते. शक्य असल्यास अमांतानी बेटावर एखाद्या कुटुंबाकडे मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी विणकामासाठी प्रसिद्ध असलेले ताकिले बेट पाहावे. तेथील शेकडो पायऱ्या मात्र थांबत-थांबतच चढाव्यात.

बोलिव्हियातील इस्ला देल सोल हे बेट सहलीला जोडायचे असल्यास त्या देशाचे प्रवेशनियम वेगळे तपासावेत.