तेलविहिरीच्या सुरक्षिततेचे ऑनलाइन प्रशिक्षण गावात राहून कसे पूर्ण करावे

आयटीआय झालेला वणीचा किंवा मूर्तिजापूरचा मुलगा मेहसाण्याच्या नाहीतर आसामच्या रिगवर (तेलविहीर खोदणाऱ्या यंत्रणेवर) कामाला जायचे ठरवतो, तेव्हा सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र त्याच्याकडे आवर्जून मागितले जाते. या प्रशिक्षणाचा बराचसा पाया आता घरबसल्या घालता येतो. मात्र व्हिडिओ पुढे सरकवून परीक्षेपुरती उत्तरे पाठ केली, तर हाती कागद येतो आणि विहिरीजवळ उभे राहण्याची समज येत नाही.

आधी स्वतःचा बोअर आठवून आकृती काढावी. कोणताही धडा उघडण्यापूर्वी वहीत आपल्या शेतातल्या बोअरचा उभा छेद काढावा. खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला वेल इंटिग्रिटीचे, म्हणजे विहीर गळतीविना शाबूत ठेवण्याचे, मर्म अर्धे ठाऊकच असते, कारण खाऱ्या थरापाशी केसिंगला फट राहिली की गोड पाण्याचा बोअर बिघडतो, हे त्याने पाहिलेले असते. तेलविहिरीतही जमिनीखालचा तेल-वायू फक्त आपण ठरवलेल्या वाटेनेच वर यावा आणि ही खात्री खोदकामापासून विहीर कायमची बुजवेपर्यंत टिकावी, एवढाच हेतू असतो. फरक दाबाचा आहे. त्यामुळे तेथे एकात एक अशा अनेक केसिंग उतरवून त्यांच्यामागे सिमेंट भरतात, आत ट्यूबिंग (तेल-वायू वर आणणारी नळी) व पॅकर (तिच्याभोवतीची पोकळी बंद करणारे बूच) बसवतात आणि वर वेलहेड (केसिंग पेलणारे विहिरीचे तोंड) व ख्रिसमस ट्री (त्यावरचा झडपांचा संच) लावतात. ट्यूबिंग आणि तिच्या लगतची केसिंग यांमधील पोकळी म्हणजे ए-अ‍ॅन्युलस, त्याबाहेरची बी-अ‍ॅन्युलस. ही नावे आकृतीवर स्वतःच्या हाताने लिहावीत.

मग अभ्यासक्रम निवडावा. इंटरनॅशनल वेल कंट्रोल फोरम या विहिरीतला दाब काबूत ठेवण्याचे प्रशिक्षण ठरवणाऱ्या संस्थेचा पहिल्या पातळीचा ऑनलाइन अभ्यासक्रम विनामूल्य आहे, तेव्हा त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. तिसरी पातळी ड्रिलरसाठी आणि चौथी पर्यवेक्षकासाठी असते, व त्यांत सिम्युलेटरवरील प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. ती गावातल्या खोलीत बसून उरकत नाही. १९५२ च्या खाण अधिनियमाने तेलविहिरीलाही खाणीतच गणले, त्यामुळे चंद्रपूर-वणीच्या कोळसा खाणींतल्या कामगारांना परिचित असलेले खाण सुरक्षा महासंचालनालयच जमिनीवरच्या तेलविहिरींचीही तपासणी करते. घरात कोणी खाणीत काम केलेले असेल, तर त्यांच्याकडून व्यावसायिक प्रशिक्षणाची शिस्त समजून घ्यावी.

जागेची आणि विजेची सोय ज्याची त्याने पाहावी. मोबाइलवर धडे वाचता येतात, पण आकृत्यांसाठी मोठा पडदा हवा, म्हणून आठवड्यातून दोनदा तरी अभ्यासिकेतल्या संगणकावर बसावे.

गणित हाताने करावे. मडचा, म्हणजे खोदताना विहिरीत भरलेल्या जड चिखलद्रवाचा, दाब काढण्याची रीत सोपी आहे: घनता गुणिले उभी खोली, भागिले दहा. १.२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर घनतेचा मड २,००० मीटरपर्यंत भरला असेल, तर तळाशी दर चौरस सेंटिमीटरला २४० किलोग्रॅम दाब पडतो. थरातला दाब याहून अधिक निघाला की वायू विहिरीत शिरू लागतो, त्यालाच किक म्हणतात. पंप बंद असतानाही विहिरीतून मड वाहत राहणे आणि टाकीतील मडची पातळी वाढणे या तिच्या खुणा होत. ही उदाहरणे वेगवेगळ्या खोलींसाठी दहा-बारा वेळा सोडवावीत.

प्रत्येक धड्याला एकच प्रश्न विचारावा: या क्षणी विहिरीचे दोन बॅरियर (तेल-वायूला रोखणारे अडथळे) कोणते, आणि ते टिकून आहेत हे कशावरून? माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणाचा जीव या प्रश्नात आहे. खोदताना मडचा स्तंभ हा पहिला बॅरियर, आणि बीओपी (विहिरीच्या तोंडावरचा, उसळी रोखणारा मोठ्या झडपांचा संच), केसिंग, सिमेंट व वेलहेड मिळून दुसरा. आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यातील बागजान येथे २७ मे २०२० रोजी वायू उसळला, ९ जूनला आग लागून अग्निशमन दलाचे दोन जण दगावले आणि विहीर १५ नोव्हेंबरपर्यंत धुमसत राहिली. बीओपी हलवण्यापूर्वी दुसरा बॅरियर तपासून खात्री केलेली नव्हती, हे त्या चौकशीतून पुढे आले. मेक्सिकोच्या आखातातील डीपवॉटर होरायझनवर २० एप्रिल २०१० रोजी ११ माणसे गेली. तेथे विहीर घट्ट बंद आहे का हे पाहण्याच्या चाचणीत ड्रिल पाइपवर सुमारे १,४०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब दिसत होता, पण किल लाइनमधून (बीओपीला जोडलेल्या बाजूच्या नळीतून) प्रवाह नाही एवढे पाहून चाचणी यशस्वी ठरवली गेली. न उलगडलेल्या आकड्याला सोयीचे स्पष्टीकरण देणे किती महागात पडते, हे या दोन घटना शेजारी ठेवून अभ्यासले की नीट उमजते.

विषारी वायूचा धडा घाईने संपवू नये. बंद पडलेल्या विहिरीत मोटर काढायला उतरलेला माणूस गुदमरला आणि त्याला वाचवायला उतरलेलाही गेला, अशा बातम्या आपल्या भागाला नव्या नाहीत. आपल्याकडे आधी कंदील सोडून पाहतात, परंतु त्याने हायड्रोजन सल्फाइड कळत नाही आणि ज्वालाग्राही वायू असेल तर ती ज्योतच घात करते. हा वायू थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण हवेत दहा लाख भागांत सुमारे १०० भाग झाले की काही मिनिटांत नाकाची संवेदनाच मरते. वास थांबला म्हणजे धोका टळला, असे कधीही मानू नये. श्वसनयंत्र चढवण्याचा सराव मात्र पडद्यावर होत नाही, तो प्रशिक्षकासमोर प्रत्यक्षच करावा.

कामाच्या जागी पहिल्या दिवशी वही सोबत न्यावी. तेथील पर्यवेक्षकांना त्या विहिरीची बॅरियरची आकृती दाखवण्याची विनंती करावी आणि अ‍ॅन्युलसच्या गेजवरील आकडा वेळेसह टिपावा. साठलेला दाब परवानगीनेच सोडतात, आणि सोडल्यानंतर झडप बंद करून तो पुन्हा चढतो का, हे पाहतात. तापमानामुळे वाढलेला दाब एकदा सोडल्यावर सहसा परत येत नाही. तो वारंवार चढत असेल तर आत कुठेतरी गळती असल्याचे धरून चालावे, नोंदवहीत लिहावे, आणि पाळी बदलताना पुढच्या माणसाला तो आकडा तोंडीही सांगावा.