घरी बसून जुना प्रवास परत कसा करायचा

नोकरीचं काय होणार, भाड्याचं घर सोडावं लागणार का, पोरांची शाळा बदलणार का, असं सगळं अधांतरी असतं तेव्हा नवीन ट्रिपचं तिकीट काढायला हात धजत नाही. अशा वेळी जुनीच ट्रिप घरबसल्या परत करायची, मी फोंड्यात भर पावसात हेच करते. पण नुसते फोटो चाळून भागत नाही, त्यानं मन अजूनच खट्टू होतं.

आधी एकच ट्रिप घ्या, त्यातलापण एखादाच दिवस. आमचं हंपी घेते उदाहरणाला. वास्कोहून हावड्याकडं जाणारी अमरावती एक्सप्रेस, होस्पेटला उतरायचं, तिथून हंपी साधारण १३ किलोमीटर. मॅप उघडा आणि बोट हळूहळू फिरवा, मडगाव, कुळें, दूधसागर, कॅसलरॉक, लोंढा, हुबळी, गदग. कुळेंच्या पुढं घाटात १:३७ चा चढ आहे, म्हणून तिथं गाडीला जादा इंजिनं लावायचे आणि गाडी बराच वेळ थांबायची. असे थांबे आठवा, कारण चहा कोणी आणला, कोण उतरलं नि कोण ओरडलं ते सगळं थांब्यांवरच सापडतं.

मग फोटो वेळेप्रमाणे लावा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोंत मूळ वेळ नि जागा राहत नाही, त्यामुळे ज्याच्या फोनवर काढलेत त्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

आता बरोबर आलेल्यांना फोन. 'हंपी आठवतं का गं' असं विचारलंत तर 'हो, काय मजा आली' म्हणून विषय संपतो, तेव्हा बारीक प्रश्न विचारा. मी मावशीला विचारलं, विरूपाक्षाच्या देवळात भिंतीवर गोपुराची उलटी सावली दाखवली तेव्हा तू कुठं होतीस? म्हणाली, बाहेर चपला सांभाळत होते गो, तुम्ही कोणी परत बोलवायला आलाच नाहीत. मग तीच पुढं विठ्ठल मंदिरावर आली. तिथला गाभारा रिकामा आहे, मूर्ती संत भानुदासांनी पंढरपूरला परत नेली अशी आपल्याकडं परंपरा, आणि मावशी त्या रिकाम्या गाभाऱ्यापुढं हात जोडून उभी राहिली होती. हे आमच्या एकाही फोटोत नाही! असं काही मिळालं की लगेच लिहून ठेवा, प्रिंट असेल तर मागं मऊ पेन्सिलीनं, बॉलपेननं नको.

पोरं कंटाळली तर ५० ची नवी नोट द्या हातात, मागं हंपीचा दगडी रथ आहे, तो आपल्या फोटोत शोधू दे.

एक मात्र सांगते, ऑफिसातून निकालाचा फोन यायचा असेल त्या दिवशी यात पडू नका, लक्ष सगळं मोबाईलकडं राहतं.

शेवटी तिथलं काहीतरी खायला करा. आम्ही हुबळीकडचं गिरमिट करतो, कांदा टोमॅटो परतून त्यात चिंच गूळ, मग चुरमुरे आणि वरून डाळ्याचं पीठ. गोव्यातल्या पावसात चुरमुरे सादळतात, ते आधी कोरड्या कढईत भाजून घ्या आणि कालवलं की लगेच खायला बसा, मावशीला व्हिडिओ कॉल लावूनच.