दोषयुक्त मेम्ब्रेनची चाचणी : आदल्या दिवशीची तयारी

टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी विद्युत-उत्प्रेरक मेम्ब्रेन (वीज जोडली की पाण्यातील प्रदूषकांचे विघटन करणारा सच्छिद्र पडदा) तपासायचे असेल, तर ‘दोष’ हा शब्द आपण नेमका कशासाठी वापरतो आहोत, हे सर्वांत आधी वहीत लिहून ठेवावे. येथे दोष म्हणजे टायटॅनियम ऑक्साइडच्या स्फटिकजाळीतून ऑक्सिजनचा अणू निघून गेल्यावर राहिलेली रिक्त जागा. मेम्ब्रेनची चकती कापताना कडेला गेलेली केसासारखी चीर नव्हे. रिक्त जागेमागे उरलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे पदार्थ वीज बरी वाहू लागतो आणि पाण्याच्या रेणूला पृष्ठभागावर धरायला जागा मिळते. चिरेतून मात्र पाणी प्रक्रिया न होताच निसटते. म्हणून प्रत्येक चकती चिमट्याने कडेला धरून दिव्यासमोर फिरवून पाहावी आणि शुद्ध पाण्याचा प्रवाहदर नोंदवल्याशिवाय तिला वीज जोडू नये.

तुलनेच्या चकत्या एकाच घाण्यातील असाव्यात. रिक्त जागा तयार करण्यासाठी हायड्रोजनमध्ये भाजलेल्या चकतीशेजारी न भाजलेली चकती ठेवणे ही नेहमीची चूक आहे, कारण भाजण्याने छिद्रे आणि स्फटिकांचा आकारही बदलतो. तेव्हा दुसरी चकती तितक्याच तापमानाला, तितकाच वेळ, हवेत भाजलेली हवी. दोष वाढले की हायड्रॉक्सिल रॅडिकल (पाण्यापासून बनणारे, प्रदूषक तोडणारे अतिक्रियाशील कण) वाढतीलच असे नाही. ठरावीक प्रमाणापलीकडे त्याच जागा प्रभारांचे सापळे बनतात, त्यामुळे दोषांच्या किमान चार पायऱ्या तयार ठेवाव्यात. इकडच्या पावसाळी हवेत चकत्या उघड्या राहू देऊ नयेत. आरगॉन भरलेल्या बंद डब्यात ठेवाव्यात. ॲनोड म्हणून चालवताना रिक्त जागा पुन्हा भरल्या जाऊ शकतात, म्हणून ईपीआर यंत्रावर (जोडी नसलेले इलेक्ट्रॉन ओळखणारे यंत्र) रिक्त जागांची, जी-मूल्य 2.003 च्या आसपासची खूण प्रयोगाआधी आणि नंतर, त्याच चकतीवर मोजण्याची वेळ राखून ठेवावी.

रॅडिकल पकडून ते ईपीआरवर दिसावेत यासाठीचे डीएमपीओ हे रसायन अंधारात, उणे 20 अंशांवर असावे. ते पिवळसर दिसले तर शुद्ध केल्याशिवाय वापरू नये. मला स्वतःला हायड्रॉक्सिल रॅडिकलची खूण मानली जाणारी 1:2:2:1 उंचीची चार शिखरे दिसली की लगेच आनंद होत नाही, कारण डीएमपीओ ॲनोडवर थेट ऑक्सिडीकृत होऊनही तशीच शिखरे देऊ शकते. हायड्रॉक्सिल रॅडिकल टिपून घेणारे टर्शरी ब्युटेनॉल घालून प्रदूषकाच्या विघटनाचा वेग किती उतरतो, हे त्यासाठी वेगळे मोजावे. मेम्ब्रेन कॅथोडला जोडायचे असेल, तर तेथे विरघळलेल्या ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. मग ऑक्सिजनचा सिलिंडर आणि पेरॉक्साइड मोजण्यासाठी टायटॅनियम ऑक्झॅलेटचे द्रावण हाताशी हवे.

पहिल्या फेरीचे पाणी सोडियम सल्फेट घातलेले शुद्ध पाणीच असावे. ठाणे खाडीलगतचे नमुने खारट असतात आणि क्लोराइडपासून ॲनोडवर क्लोरीन तयार होऊन सांडपाण्याचा रंग तोच उडवतो, श्रेय मात्र दोषांना जाते. त्या नमुन्यांचे कॅन क्लोराइड मोजून, चिठ्ठी लावून, शीतकपाटात ठेवावेत आणि चारही पायऱ्यांचे आकडे हाती येईपर्यंत उघडू नयेत.